तेवीस नंबरचं ऊन

"रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं आहे," धम्मदीपा हातातलं पत्र वाचत म्हणाली. "हो किंवा नाही. नाही म्हटलं तर आपलं नाव यादीच्या तळाला."

"मग नाही म्हण," यशपाल लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला.

या एका वाक्यावर जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर गुरुवारचं जेवण गार झालं.

शहराच्या कडेला बागांचा एक फेराइन होता, म्हणजे मंडळ. मंडळाकडे जमिनीचे लहान लहान तुकडे होते. एक तुकडा भाड्याने घ्यायचा, कुंपण छाटायचं, भाजी लावायची आणि रविवारी त्यातल्या लाकडी खोपटासमोर कॉफी प्यायची. अशा एका तुकड्यासाठी धम्मदीपा चार वर्षं वार्टेलिस्टवर, म्हणजे प्रतीक्षायादीवर, होती. नाव घातलं तेव्हा ओवी किंडरगार्टनमध्ये होती, आता ती नऊ वर्षांची होती आणि आईला जर्मनचं व्याकरण शिकवत होती. घराला बाल्कनी नव्हती. खिडक्या सगळ्या उत्तरेला. त्या खिडक्यांत आजवर तीन कढीपत्ते आणि एक तुळस कामी आली होती. धम्मदीपाला फार काही नको होतं. अंबाडी, मेथी आणि चार झाडं तिखट मिरचीची, एवढंच. अंबाडीच्या भाजीची आठवण आली की ती पाच मिनिटं कुणाशी बोलत नसे.

आता जागा मिळत होती, तेवीस नंबरची. तिच्या मधोमध अक्रोडाचं एक अवाढव्य झाड होतं आणि बाकीच्या जागेत त्याची सावली होती.

"मी मोजलंय," यशपाल म्हणाला. तो एका संशोधन संस्थेत यंत्रांना वस्तू ओळखायला शिकवायचा, त्यामुळे मोजल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. "अ‍ॅप लावून मोजलंय. जूनमध्ये दिवसाला दोन तास दहा मिनिटं ऊन. त्यात शेवाळ येतं, अंबाडी नाही. आणि मंडळाच्या नियमांची शेहेचाळीस पानं आहेत. मी सगळी वाचलीत. एक तृतीयांश जागेत भाजी पिकवावीच लागते, नाहीतर नोटीस."

"पुन्हा चार वर्षं थांबायचं? ओवी तोवर घर सोडून जाईल."

"Genau," ओवी म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्येच यायचं.

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या मीराबाईंनी आता मान वर केली. या यशपालच्या आई. तीन महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आल्या होत्या आणि त्यातले दोन महिने त्यांनी लसूण सोलण्यात काढले होते. दुसरं करणार काय? सकाळी आठला घर रिकामं व्हायचं. जिन्यात भेटणारे लोक "हालो" म्हणायचे आणि आपापलं दार लावून घ्यायचे. नागपुरात त्यांच्या दारात दिवसाला दहा माणसं यायची, त्यातली पाच नुसतीच बसायला.

"मोबाइलले काय समजते ऊन?" त्या म्हणाल्या. "उन्हाची परीक्षा वड्या घालून करतात. मी मूग भिजवते उद्या. शनिवार-रविवार त्या जागेवर वड्या घालू. दोन दिवसांत वाळल्या तर घ्या, नाही वाळल्या तर सोडा. कटकट नाही."

धम्मदीपाने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने आईकडे. चार वर्षांचं स्वप्न मूगडाळीच्या हवाली होत होतं. पण सासूबाईंसमोर नाही कोण म्हणणार? आणि यशपाल मनातून खूश होता, कारण दोन तास दहा मिनिटांत मुगाची वडी वाळत नाही हे त्याला आकडेमोड न करताही ठाऊक होतं.

जागा नीट पाहून घ्या म्हणून मंडळाचे अध्यक्ष हेर ब्रेम यांनी किल्ली देऊन ठेवली होतीच. शनिवारी सकाळी नऊला हे कुटुंब तेवीस नंबरमध्ये दाखल झालं. सोबत वाटलेल्या डाळीचं पातेलं, प्लास्टिकची मोठी चादर आणि त्याच डाळीच्या भज्यांचा डबा. मीराबाईंनी उन्हाचा एकमेव तुकडा शोधला, चादर पसरली आणि दीड तासात अडीचशे वड्या घातल्या. हिरवट-पिवळ्या, एका मापाच्या, ओळीने. काम झालं तसं त्यांनी कंबर सरळ केली आणि आभाळाकडे पाहिलं.

"हे ऊन आहे? इतकं ऊन तर आमच्याकडे खाटेखाली असते."

अकरा वाजता तेही गेलं. अक्रोडाची सावली चादरीवर आली. यशपालने घड्याळ पाहिलं आणि सभ्यपणे रिकामं पातेलं पुसायला घेतलं. जिंकणाऱ्या माणसाचा सभ्यपणा किती बोचतो ते धम्मदीपाला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "मी पाणी घेऊन येते," आणि डोळे पुसायला निघून गेली. यशपालला संस्थेतून फोन आला, तो रस्त्याकडे गेला. मागे राहिल्या मीराबाई, ओवी आणि अडीचशे ओल्या वड्या.

आता मीराबाईंनी जे केलं त्यात त्यांची काही चूक आहे असं त्यांना आजही वाटत नाही. नागपुरात आपल्या गच्चीवरचं ऊन गेलं की वाळवण शेजारच्या गच्चीवर जातं. विचारायचं असतं, पण शेजारीण झोपली असेल तर उगाच उठवायचं कशाला? कुंपणापलीकडे बावीस नंबरमध्ये लख्ख ऊन होतं आणि खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई तोंडावर टोपी घेऊन झोपल्या होत्या. कुंपणात एक फट होती.

"धर गं त्या बाजूनं," मीराबाई नातीला म्हणाल्या.

"Oma, das darf man nicht," ओवी म्हणाली, म्हणजे आजी, असं करायचं नसतं. पण चादर तिने धरली.

खुर्चीतल्या त्या बाई, फ्राऊ क्नॉप, अर्ध्या तासाने जाग्या झाल्या. चाळीस वर्षं जपलेल्या हिरवळीवर त्यांना अडीचशे हिरवट गोळे दिसले, रांगेत मांडलेले. कुणीतरी गोगलगायींसाठी विष घातलं, असा अर्थ त्यांनी काढला आणि हेर ब्रेमना फोन लावला. ब्रेम म्हणाले, कशालाही हात लावू नका. तेवढ्यात झाडामागून नऊवारीतल्या एक बाई आल्या, खाली वाकल्या आणि ते विष एकेक करून उलटवू लागल्या.

धम्मदीपा पाणी घेऊन परतली तेव्हा दोघी समोरासमोर उभ्या होत्या. ती फटीतून घुसली आणि माफी मागू लागली. माफीच्या जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, ते येईपर्यंत मीराबाईंनी डबा उघडून पुढे केला होता.

"दीपा, बाईले सांग, याच डाळीचे भजे आहेत. खाय म्हणा."

फ्राऊ क्नॉपनी संशयाने एक भजं उचललं. मग दुसरं. तिसऱ्याला हिरवी मिरची लागली, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मीराबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि पाणी पाजलं. यानंतर दोघींत जे सुरू झालं त्याला धम्मदीपाची गरज उरली नाही. एक जर्मनमध्ये गुडघ्यांबद्दल बोलत होती, दुसरी मराठीत कंबरेबद्दल, आणि दोघींचं एकमेकींना पटत होतं.

तीन वाजता क्नॉपबाईंच्या चेरीची सावली चादरीकडे सरकू लागली. हे आधी दिसलं ते क्नॉपबाईंनाच. त्या उठल्या आणि समोरच्या कुंपणावरून हेर लुट्स यांना हाक मारली. लुट्स हिरवळ पट्टी लावून कापणारा गृहस्थ. त्यांच्या बागेत झाडच नव्हतं, कारण झाडाची पानं पडतात. क्नॉपबाईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण पाच मिनिटांत लुट्स, क्नॉपबाई, मीराबाई आणि ओवी असे चौघे चार कोपरे धरून चादर रस्त्यापलीकडे नेत होते. फोन संपवून आलेला यशपाल हे पाहून जागीच थांबला.

"आई, काय करून राहिलीस?"

"ऊन पाहून राहिले," मीराबाई म्हणाल्या. "तू सरक, सावली पडते तुझी."

रविवारी पारा छत्तीसवर गेला. सकाळी तेवीस, दुपारी बावीस, नंतर लुट्स, असा वड्यांचा प्रवास आता वेळापत्रकाने चालला होता. लुट्सनी ते लिहूनच काढलं होतं. पण माणसं भाजून निघत होती. दुपारी क्नॉपबाई आपली खुर्ची घेऊन फटीतून आल्या आणि अक्रोडाखाली बसल्या. मग लुट्स आले, बियरची पेटी घेऊन. मग त्यांच्या पलीकडचं जोडपं आलं, लुट्सची बियर कुठे गेली ते बघायला. चारपर्यंत झाडाखाली आठ माणसं होती. मीराबाई मधोमध बसून खोपटातून आणलेल्या गॅसवर भजी तळत होत्या आणि नागपूरच्या उन्हाच्या गोष्टी सांगत होत्या. ओवी भाषांतर करत होती. ती मधेमधे आपल्या पदरचंही घालत असावी, कारण लोक भलतीकडेच हसत होते.

धम्मदीपाला हसू येत नव्हतं. वड्या वाळल्या होत्या, कडकडीत. पण कुठे वाळल्या हे तिला ठाऊक होतं आणि सासूबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

पावणेसहाला हेर ब्रेम आले. एका हातात करार, दुसऱ्या हातात नियमांची शेहेचाळीस पानं. कालच्या विषाची चौकशीही बाकी होती. ते विष त्यांना गरमागरम बशीत मिळालं आणि ती चौकशी बसल्या बसल्या पार पडली.

"आल्झो," बोटं पुसत ते म्हणाले. "तर मग, हो की नाही?"

सगळ्यांनी मीराबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक वडी दाताखाली फोडली.

"परीक्षा म्हणशील तर नापास," त्या यशपालला म्हणाल्या. "आपल्या जागेत दोन तास, बाकी सारं लोकांच्या जागेत. तुझा मोबाइल खरा आहे."

धम्मदीपाने मान खाली घातली. यशपाललाही आता जिंकल्याचा आनंद होईना.

"पण घे," मीराबाई सुनेला म्हणाल्या. "दोन महिने झाले मले इथं येऊन. खूप आठवण यायची घराची, बोलले नाही मी कोणाले. या दोन दिवसांत नाही आली. जागा पाहाताना नुसतं ऊन नाही पाहात बेटा, शेजारही पाहातात. मेथी कमी उन्हातही येते, ती नियमापुरती इथं लाव. तुझी अंबाडी लाव त्या बाईच्या वाफ्यात. मी विचारलं तिले, ती हो म्हणते."

कोणत्या भाषेत विचारलं हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. धम्मदीपाने सासूबाईंचा तेलकट हात धरला आणि दुसऱ्या हाताने सही केली. यशपालनेही केली.

"अभिनंदन," ब्रेम म्हणाले आणि नियमांचं एकतिसावं पान उघडलं. "आणि एक आनंदाची बातमी. अक्रोड आपल्या मंडळात मना आहे. जुन्या माणसाला सवलत होती. भाडेकरू बदलला की झाड तोडायचं, खर्च मंडळाचा. ऑक्टोबरात माणसं येतील. मग तुम्हाला दिवसभर ऊन."

धम्मदीपा सावकाश नवऱ्याकडे वळली.

"शेहेचाळीस पानं वाचली होतीस ना तू?"

"तिसाव्यापर्यंत," यशपाल म्हणाला. "पुढे परिशिष्टं होती."

म्हणजे दोन दिवसांची वणवण, तिच्या डोळ्यांतलं पाणी, अडीचशे वड्या, सगळं एका पानासाठी. अंबाडी, मेथी, मिरच्या, सगळं आपल्याच मातीत, दिवसभराच्या उन्हात. चार वर्षं तिने हेच मागितलं होतं. ओवी आजीला हळूच समजावत होती, आज पहिल्यांदाच मराठीत, "आजी, झाड तोडणार." मीराबाईंनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. क्नॉपबाईंनी मात्र खुर्चीचे हात घट्ट धरले, जणू खुर्चीसकट उचलायला माणसं आत्ताच आली होती.

"झाड ठेवायचं असेल तर?" धम्मदीपाने विचारलं.

ब्रेमना वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "ठेवायचं? अपवादासाठी अर्ज करावा लागेल. आधी समिती, मग नगरपालिका, मग वृक्षतज्ज्ञ. साधारण चार वर्षं लागतात. निकाल लागेपर्यंत झाडाला हात लावता येत नाही."

"यश," ती म्हणाली, "लॅपटॉप काढ."

यशपालने निमूटपणे लॅपटॉप उघडला. तेवीस नंबरला सावली आहे म्हणून तीन दिवस भांडलेला माणूस आता त्या सावलीच्या बचावात मुद्दे लिहू लागला. लुट्स मोजमापं सांगत होते. अर्धा अर्ज भरून झाला तेव्हा हेर ब्रेम यांनी आपली खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. इकडेतिकडे पाहिलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि बशीतलं शेवटचं भजं उचललं.

"ऑनलाइन नका पाठवू, टपालाने पाठवा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आणि एखादी सही राहून गेली, तर अर्ज परत येतो. मग चार वर्षं पुन्हा पहिल्यापासून."