भागाआत्याचं झाड

सगळं जग दारात चपला काढतं. आमची भागाआत्या कोटबागेच्या दारात चपला घालायची. गावभर अनवाणी हिंडणार, चपला पिशवीत. बागेची दगडी कमान आली की त्या बाहेर काढणार, पदरानं पुसणार, पायात सरकवणार आणि फटाक्‌ फटाक्‌ वाजवत आत शिरणार. बाहेर आली की चपला परत पिशवीत.

"आत्या, काटे तर बाहेर आहेत," मी एकदा म्हटलं.

"काट्यासाठी कोन घालते, बावा? मी दरवाज्यासाठी घालतो."

कारण साधं होतं. बाग जहागीरदाराची होती तेव्हा या कमानीपुढून जाताना आमच्या लोकांना चपला हातात घ्याव्या लागत. आत जाणं दूरच. आत्याचा नवरा, आमचे किसनमामा, तेवढे मागच्या बुटक्या दारातून वाकून आत जात. काम पाणी वळायचं. विहिरीला हात लावायचा नाही, पण फावड्यानं पाट फोडून वाफ्यावाफ्यात पाणी मात्र यांनीच सोडायचं.

ते दिवस मी सजवून सांगणार नाही. आई माझ्या लहानपणीच गेली. बाप जऊळक्याच्या स्टेशनावर पोती उचलायचा. मला आत्यानं वाढवलं, लोकांच्या वावरात निंदून-खुरपून. ज्वारीच्या कण्या पोटभर मिळाल्या तर तो आमचा सण.

तेव्हा दुपारी आत्या मामांची भाकर घेऊन मागच्या भिंतीबाहेर उभी राहायची. मामा भिंतीवरून दोर सोडत, ती फडकं बांधायची, भाकर वर जायची. मामा आतून जेवता जेवता ओरडून बागेचं वर्णन करत आणि आत्या बाहेरून हुंकार देई. तिला बाग अशी ऐकूनच माहीत. आणि मामा तर असे थापाडे! कारंज्यातून गुलाबपाणी उडते. मोर हातातून दाणे खाते. एका झाडाले अर्धे आंबे न्‌ अर्धे जाम लागते. जाम म्हणजे आमच्याकडचा पेरू.

मामा तापानं गेले. पुढं बाग नगरपालिकेकडं आली, कमान सगळ्यांना उघडी झाली, आणि आत्या तपासणीला निघाली. घरी पाहुणा आला की आधी बाग, मग चहा. पोहरादेवीहून यात्रा करून, पाय सुजवून आलेल्या शेजारणीलाही तिनं सोडलं नाही.

"ते आंब्या-जामाचं झाड कुठी हाये हो?" ती माळ्याला विचारायची.

"मावशी, तुमच्या बुढ्यानं फेकली असन."

"फेकलीच! मले काय मालूम नाही? एक नंबरचा फेकाड्या होता तो."

एवढं म्हणून ती पुढं शोधायला लागायची. कारण मामांची एक गोष्ट तिला खरी वाटे. एकदा भिंतीपलीकडून ते म्हणाले होते, "भागे, तुह्यासाठी एक झाड लावलं." कोणतं विचारलं तर हसून म्हणाले, "वळख!" आणि न सांगताच गेले. आत्याला तेवढं एक झाड हवं होतं.

म्हणून ती एकेका झाडापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहायची. लिंबाला म्हणायची, "तू नाही. एवढा आंबट नोता तो." रामफळाला म्हणायची, "तूबी नाही. मी काय अशी गोलमटोल होतो?"

माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी धावत घरी आलो. आत्यानं माझ्या तोंडात गूळ घातला आणि पिशवी उचलली.

"चाल बागेत. आता तू सांग, कोन्तं झाड."

"आत्या, मी राज्यशास्त्र शिकलो. झाडं नाही."

"मंग एवढे वर्स केलं काय?"

गेलो. मागच्या भिंतीशी केळीची दाटी होती. मी पानं बाजूला करत होतो तोच आत्या थबकली. एक जुना, कोरडा पाट केळीखालून थेट भिंतीकडं गेला होता.

"हा भिंतीत कायले गेला? तिकडं कोन्ता वाफा हाये?"

मी गुडघे टेकले. भिंतीच्या बुडाशी एक दगड काढून हातभर आरपार मोरी केलेली होती. पलीकडं उजेड होता आणि उजेडात एक जाड मूळ.

"घुशीचं बीळ असन," मागून आलेला माळी म्हणाला.

"घूस पाट खंदते काय रे?" आत्या म्हणाली आणि निघाली. कमानीतून बाहेर, भिंतीला वळसा घालून. मी मागून पळत होतो.

पलीकडं जांभळीचं झाड होतं. भाकर बांधायची तिची जागा ती हीच. झाड वीतभर होतं तेव्हापासून आत्यानं पाहिलं होतं. शेवटची काही वर्षं तर त्याच्या सावलीतच ती दोराला भाकर बांधायची.

"मले वाटे पाखरानं टाकलं," ती म्हणाली. "भर उन्हाळ्यात हिरवं कसं राह्यते, हे कधी मनातच नाही आलं." मग एकदम हसत सुटली. "जहागीरदाराचं पानी चोरलं माह्या बुढ्यानं! अन्‌ मी मूरख आत पाहून राह्यलो."

हसता हसता ती झाडाजवळ गेली. बुंध्यावरून तिनं हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"घरी चल, जेवू," मी म्हटलं.

"थांब ना. बसू दे. तवा बसाले कुठी भेटे? उभ्यानंच भाकर बांधो मी."

ती खाली बसली. मीही बसलो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातला पहिला माणूस बी.ए. झाला, आणि भागाआत्याला तिचं झाड सापडलं.