एकपानी अर्जाचा जनक

सरकारी नोकरीत डोकं चालवायला वाव नसतो, असं म्हणणाऱ्यांनी आधी मला भेटावं. निवासाच्या दाखल्याचा अर्ज पूर्वी दोन पानी होता, आज एक पानी आहे. ही क्रांती मी केली! कशी केली, ते मात्र आमच्या ऑफिसबाहेर फुटू देऊ नका.

दर वर्षअखेरीला आम्हाला स्वमूल्यमापनाचा फॉर्म भरावा लागतो. वर्षभरात काय शिकलात, काय प्रगती केलीत आणि मग तो जीवघेणा रकाना : 'आपण राबवलेला नवोपक्रम'. गेली सहा वर्षं मी तिथे 'निरंक' लिहितोय आणि सहा वर्षं आहे तिथेच आहे. यंदा मुख्य लिपिकाची जागा रिकामी झाली होती. बायकोने तर कहरच केला. माझ्या नावाखाली 'मुख्य लिपिक' असं लिहिलेली पाटी रंगवून आणली, दाराबाहेर खिळा ठोकला आणि माहेरी कळवूनही टाकलं. आता नवोपक्रम शोधणं भाग होतं.

ऑफिसच्या झेरॉक्स यंत्रातून मी माझा फॉर्म काढला आणि त्या रकान्याकडे बघत पेन चावत बसलो. तेवढ्यात खिडकीशी एक आजोबा आले. गेल्या वर्षी नेलेला अर्ज त्यांनी आत्ता भरून आणला होता.

"मागचंही भरायचं का हो?" त्यांनी विचारलं.

मागचं? मी कागद उलटला. अर्जाला दुसरं पान होतं! घराला खिडक्या किती, त्यातल्या उघडणाऱ्या किती, अर्जदाराला ओळखणारे दोन जण कोण आणि त्या दोघांना ओळखणारे आणखी दोन कोण. आणि आम्ही तर कित्येक महिने एकच पान वाटत होतो.

मग आठवलं. आठ महिन्यांपूर्वी लेकीच्या चित्राच्या प्रती काढताना मी शिपाईकाकांच्या देखत यंत्राचं दोन्ही बाजू छापायचं बटण बंद केलं होतं. ते पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं. म्हणजे हजारो दाखले अर्ध्या अर्जावर दिले गेले होते. आता बढती कसली, आहे ती नोकरीसुद्धा गेली, असं वाटलं.

पण थोडं पाणी प्यायल्यावर लक्षात आलं, आठ महिन्यांत कुणीच हूं की चूं केलं नव्हतं. ना अर्जदाराने, ना तपासणाऱ्याने, ना सही करणाऱ्या मॅडमनी. त्या खिडक्या कुणालाच नको होत्या! मी पेन उचललं आणि लिहिलं : 'सखोल अभ्यासाअंती दुसरे पान अनावश्यक आढळल्याने प्रायोगिक तत्त्वावर वगळले.' आजोबांना सांगितलं, मागचं राहू द्या, नवी पद्धत आहे. ते इतके खूश झाले की मलाच भरून आलं.

मॅडमनी फॉर्म वाचून आत बोलावलं तेव्हा वाटलं, भरला घडा. तर त्या म्हणाल्या, एवढं मोठं काम केलंत आणि बोलला नाहीत? मी विनयाने मान खाली घातली आणि घाम पुसला. दोन दिवसांत शेजारच्या ऑफिसांतून फोन सुरू झाले. नेमकं कुठलं पान काढायचं हे कसं ठरवलंत, असं ते विचारत. मी म्हणायचो, अनुभव. चौथ्या फोनपर्यंत माझा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

शेवटी खुद्द मोठे साहेबच आले. सत्कार करायला आणि मुख्य लिपिक नेमायला. सगळं ऑफिस जमलं. साहेबांनी अर्ज हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, दुसरं पान मुळात आणलं कुणी असेल, तुमचा अभ्यास काय सांगतो?

मी रंगात आलो होतो. "असेल कुणीतरी रिकामटेकडा, साहेब. लोकांच्या खिडक्या मोजत बसणारा."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"मी आणलं," साहेब शांतपणे म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी. त्याच नवोपक्रमावर मला बढती मिळाली."

आमचे शिपाईकाका मनाने फार चांगले. मला वाचवायला ते पुढे झाले आणि म्हणाले, साहेब, यांनी मुद्दाम नाही हो केलं, लेकीचं चित्र छापताना ते बटण बंद राहिलं, एवढंच. असा हितचिंतक असला की शत्रू लागत नाही.

साहेब हसायला लागले ते थांबेचनात. माझं पान गेलं आणि आठ महिने कुणाला पत्ता नाही, म्हणजे तुमचं बटण माझ्यापेक्षा हुशार, असं म्हणत त्यांनी डोळे पुसले. जागा तुम्हालाच देतो, म्हणाले. मला दारावरची पाटी दिसायला लागली. त्यांनी माझा फॉर्म उघडला, सहीसाठी पेन काढलं आणि कागद उलटला.

मागची बाजू कोरी होती.

"अहो, यावर 'बढती स्वीकारण्यास तयार आहे' अशी तुमची सही लागते. कुठंय दुसरं पान?"

मी यंत्राकडे पाहिलं. सगळ्यांनीच यंत्राकडे पाहिलं. फॉर्म द्यायची मुदत आदल्या दिवशी संपली होती. साहेबांना खरंच वाईट वाटलं, पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. आता पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

एकपानी अर्ज मात्र सगळीकडे लागू झाला. साहेबांनी तो त्यांच्या स्वमूल्यमापनात नवोपक्रम म्हणून लिहिला असं ऐकतो. दुसरं पान आणल्याबद्दल एक बढती आणि काढल्याबद्दल आणखी एक!

घरी बायकोला सगळं सांगितलं. मला फार अपराधी वाटलं. सकाळी बाहेर पडताना पाहिलं तर पाटी खिळ्याला लटकत होती. तिने ती उलटी करून मागच्या बाजूला लिहिलं होतं : 'बेल बंद आहे, दार वाजवा.'

बटणांना हात लावायची मला आता घरातही बंदी आहे.