समान म्हणजे समान

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले रामटेकेदादा कुणाकडे पाहुणे म्हणून जातात तेव्हा खिशात वजनकाटा घेऊन जातात. हे मी गमतीनं सांगत नाही. सोनाराकडे असतो तसा, तळहातावर मावणारा डिजिटल काटा. जर्मनीत ब्योब्लिंगेनला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सहकुटुंब चहाला बोलावलं आणि मोठ्या हौसेनं नारळाच्या वड्या केल्या. वड्या कापण्यात माझा हात पहिल्यापासून वाकडा. दादांनी ताटलीकडे एकदा पाहिलं, काटा काढून टेबलावर ठेवला आणि आपल्या जुळ्या मुलांच्या वाट्याच्या वड्या एकेक करून तोलल्या. मित्रा या लेकीची वडी राहुलच्या वडीपेक्षा चार ग्रॅमनी जड निघाली. त्यांनी माझ्याकडे सुरी मागितली.

"समान म्हणजे समान," ते मला समजावून सांगू लागले. "अंदाज आला की अन्याय आलाच. गेनाऊ?"

मीही गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वैशालीवहिनी "अहो, लोकांच्या घरी तरी!" एवढंच बोलल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मुलं तेव्हा बारा वर्षांची होती. ती निमूटपणे वड्या खात होती. त्यांच्या दृष्टीनं वडी ही तोलूनच खायची वस्तू होती.

दादा मूळचे नागपूरचे. इथल्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं नीट मोजतात की नाही, हे मोजायचं काम करतात. नोकरीमुळे स्वभाव असा झाला की स्वभाव बघून नोकरी मिळाली, मला अजून कळलेलं नाही. जुळ्यांच्या सायकली एकाच दिवशी, एकाच दुकानातून यायच्या. राहुलच्या दातांना तार बसवावी लागली, तेव्हा दादा डेंटिस्टला विचारून आले होते की मित्राच्या दातांचंही काही करता येईल का. तिचे दात अगदी सरळ होते.

आमच्या भागात केरवोखं नावाचा प्रकार आहे. जिना झाडायची पाळी ज्या घराची, त्या घराच्या दाराला आठवडाभर एक पाटी लटकवतात. ती पाटी रामटेक्यांच्या दाराला लागली की अठरा पायऱ्यांपैकी वरच्या नऊ राहुलच्या आणि खालच्या नऊ मित्राच्या. "मुलगी म्हणून एक पायरी जास्त नाही, मुलगी म्हणून एक पायरी कमी नाही," असं दादा जिन्यात उभं राहून सांगत. माझ्या घरी नवरा आणि मी कुणी किती भांडी घासली यावर रोज भांडतो, त्यामुळे मला त्या नऊ-नऊ पायऱ्यांचा मनातून हेवाही वाटायचा.

जुळी अठरा वर्षांची झाली आणि त्यांना लष्कराकडून दोन पत्रं आली.

दोघांचे पासपोर्ट जर्मन, त्यामुळे पत्रं येणारच होती. इथे नवीन कायदा झालाय. अठरा पूर्ण झाली की प्रश्नावली येते. सैन्यात यायला किती रस आहे ते शून्य ते दहामध्ये सांगा, उंची किती, वजन किती, वगैरे. अजून कुणाला उचलून नेत नाहीत, नुसतं विचारतात. पण उद्या सक्ती करायची वेळ आलीच, तर नावं कुठून काढतील हे सांगायला ज्योतिषी नको. मुलग्यांनी उत्तर दिलंच पाहिजे, नाहीतर दंड. मुलींना मात्र ऐच्छिक.

त्या दिवशी ऑफिसमधून येऊन मी बूट काढते तोच बेल वाजली. दारात दादा, दोन्ही हातांत दोन पत्रं.

"फ्रायविलिश!" ते म्हणाले. "मित्राला फ्रायविलिश! ऐच्छिक! एका दिवशी जन्मली, सात मिनिटांचं अंतर. त्याला बंधनकारक आणि हिला ऐच्छिक?"

"बरं आहे की दादा," मी म्हटलं. "एक तरी सुटली."

"सुटली?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कायदा केला असावा. "अश्विनी, ऐच्छिक म्हणजे काय असतं, ते मला चांगलं माहीत आहे."

आवाज जरा वेगळा होता, पण मला भूक लागली होती. मी फार लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जर्मन घटना वाचून काढली. दादांचं घटना या गोष्टीवर फार प्रेम. भारताची त्यांना पाठ आहे, जर्मनीची ते अधूनमधून वाचतात. संध्याकाळी जिन्यात भेटले ते चक्रावलेले. वर लिहिलंय की स्त्री-पुरुष समान. बरंच खाली लिहिलंय की बंदूक घेऊन लढायची सक्ती स्त्रियांवर कधीही करता येणार नाही.

"मग वरचं खरं की खालचं?" त्यांनी मला विचारलं.

मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई. मला वरचं-खालचं जुळत नसलं की चूक नोंदवायची सवय आहे, पण इथे नोंदवायची कुणाकडे?

मग पुढचे दहाबारा दिवस दादांनी सगळ्यांचं डोकं पिकवलं. सोमवारी ते म्हणत, समान हक्क तर समान कर्तव्य, मित्रानं भरलंच पाहिजे. मंगळवारी म्हणत, नाही, युद्धं सुरू करतात पुरुष, बायकांनी का मरायचं? बुधवारी म्हणत, मग राहुलनं तरी का मरायचं, त्यानं कुठलं युद्ध सुरू केलंय? गुरुवारी परत सोमवार. मी सोमवारी त्यांच्याशी भांडायचे आणि मंगळवारी माझंच म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकून मला ते पटेनासं व्हायचं. माझी लेक सहा वर्षांची आहे. बारा वर्षांनी आमच्याकडे असं पत्र आलं तर, हा विचार मनात यायचा आणि मी घाईघाईनं कुकर लावायला जायचे.

तळमजल्यावरच्या फ्राऊ होल्त्सर ऐंशीच्या पुढच्या आहेत. दादांनी त्यांनाही गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आल्झो, हेर रामटेके, माझे वडील युद्धावर गेले तेव्हा त्यांना कुणी फॉर्म दिला नव्हता. मला विचाराल तर मी कुणालाच पाठवणार नाही." आणि लगेच पुढे म्हणाल्या, "या आठवड्यात पाटी तुमच्या दारावर आहे आणि जिना अजून तसाच आहे." दादांनी स्वतः अठराच्या अठरा पायऱ्या झाडल्या. त्या घरात जिन्याची वाटणी चुकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

कळस झाला तो मराठी मंडळाच्या कार्यक्रमात. जेवणं चालली होती आणि कुणीतरी सहज या कायद्याचा विषय काढला. दादा वरणभाताची ताटली घेऊन उभे राहिले. त्यांच्या डोक्यात जिन्याची पाटी होती, हे मला कळलं. बाकीच्यांना कसं कळणार?

"माझं स्पष्ट मत आहे," दादा खणखणीत आवाजात म्हणाले, "पाळी सगळ्यांना आली पाहिजे! मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखीच आली पाहिजे! पाळीच्या बाबतीत भेदभाव नको!"

 मग बायकांच्या टेबलावरून जो हशा उठला, तो थांबेचना. एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, येऊ दे बाई एकदा त्यांनाही!" वहिनींनी ओढणीत तोंड लपवलं. दादा गोंधळून सगळीकडे बघत होते. आपल्या बोलण्यात हसण्यासारखं काय आहे, ते गाडीत बसल्यावर वहिनींनी सांगितलं तेव्हा त्यांना समजलं. नंतर आठवडाभर ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

उत्तराची मुदत संपत आली, तसं वहिनींनी मला बोलावून घेतलं. "तू तरी समजाव गं. जेवण सोडलंय त्यांनी," म्हणाल्या. रविवारची दुपार होती. मी बर्फी घेऊन गेले. राहुल सोफ्यावर मोबाइल घेऊन पसरला होता, मित्रा खिडकीजवळ नखं रंगवत होती, आणि दादा टेबलाशी दोन पत्रं आणि तो काटा समोर ठेवून बसले होते.

मी म्हटलं, "दादा, एवढं काय लावून घेता? मित्राला भरायचं नसेल तर नाही भरणार."

"तेच तर!" ते म्हणाले. "ऐच्छिक म्हटलं की कुणी विचारतच नाही. माझी ताई चौथीत होती. मला पहिलीत घालायचं म्हणून मास्तर घरी आले. बाबांना म्हणाले, मुलाला पाठवाच. मुलीचं पुढचं काय ते तुमच्या इच्छेवर. झालं. पाचवीत ताई गेलीच नाही. इच्छा तिची होती, पण विचारली बाबांची." त्यांनी काट्यावरून अंगठा फिरवला. "भाकरी ती मोडायची. मोठा तुकडा कायम माझ्याकडे. मला वाटायचं, तुकडे तसेच पडतात."

मी इतकी वर्षं त्या काट्यावरून त्यांची टिंगल करत होते. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली.

"मग ताईंनाच विचारा ना," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

त्यांनी खरंच नागपूरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिकडून आधी जेवण, मग थंडी, मग गुडघे, असं सगळं झालं. मग दादांनी विषय काढला. मुलींना लष्करात बोलवावं की नाही?

"पोरगी काय म्हणते?" ताईंनी विचारलं.

दादांची नजर मित्राच्या पत्रावर गेली. त्यांनी मला विचारलं होतं, फ्राऊ होल्त्सरना विचारलं होतं, सगळ्या मंडळाला विचारलं होतं. मित्राला विचारायचं राहून गेलं होतं. माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"ताई," दादा हळू आवाजात म्हणाले, "तुला तेव्हा विचारलं असतं, शाळेत जायचं का, तर तू काय म्हणाली असतीस?"

तिकडे ताईंनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"नाहीच म्हटलं असतं," ताई म्हणाल्या. "आई कामावर जाये. तू दुपारी शाळेतून यायचा, तुले जेवू कोण घातलं असतं?" आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण विचारायले पाहिजे होतं रे."

 दादांनी फोन ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि खुर्ची मित्राकडे वळवली.

"मित्रा, तुला काय वाटतं?"

मला वाटलं, ती आता समानतेवर भाषण देईल. बापाचीच मुलगी. तिनं नेलपॉलिशचं झाकण लावलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "वाइस निश्त, पापा." मग आमच्यासाठी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "माहीत नाही. थोडं जायचं वाटतं. थोडं खूप भीती वाटतं."

"चालेल," दादा म्हणाले. "माहीत नाही हे पण उत्तर आहे." ते त्या प्रश्नावलीत बसणार नव्हतं, पण तेवढं मी बोलले नाही.

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. "उंड मिश?"

आणि मला? राहुलनं मान वर केली नव्हती. मोबाइलचा पडदा मात्र केव्हाच काळा झाला होता.

"तुला तर बंधन..." दादांनी सुरुवात केली आणि तिथेच अडखळले. इतके दिवस घरात मित्राच्या पत्रावर एवढं रण माजलं होतं. त्याचं पत्र सक्तीचं, म्हणून त्याला विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

दादा उठले. सोफ्यावर राहुलच्या पायांशी जरा जागा करून बसले.

"तुला पण विचारतो," ते म्हणाले. "उशीर झाला. सांग."

 राहुलनं पाय आखडून घेतले, बापाला नीट बसता यावं म्हणून. मी बर्फी कापायला घेतली. काटा टेबलावरच पडला होता. तुकडे लहानमोठे झाले, आणि त्या दिवशी ते कुणी तोलले नाहीत.