धायरीच्या फाटक्या चादरींचं प्रकरण

जावयाने सासुरवाडीला यावं, जेवावं, ढेकर द्यावी आणि निघावं. सलिलराव मात्र सुट्टीवर येऊन सासूच्या ब्लीचिंगच्या शेडमध्ये भिंग घेऊन रांगत होते. मुक्ताबाईंना हे मुळीच पटलेलं नव्हतं.

"आई, पुण्यात डोकी पुष्कळ, पण गुन्ह्याचा वास घेणारं नाक एकच," सलिलरावांनी स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं.

"गळतंय ते. पुसा आधी."

प्रकरण गंभीर होतं. धायरीतल्या या शेडमधून लॉजच्या चादरी पांढऱ्याशुभ्र होऊन जात. हल्ली त्या झटकल्या की टर्रकन फाटत. लॉजचा मॅनेजर संध्याकाळी येणार होता. कारण सांगता आलं नाही, तर काम दुसरीकडे.

"लोणी काळभोरच्या धुलाईवाल्याने शिकवलेले उंदीर सोडलेत."

"शिकवलेले? मग कामावरच ठेवते. माणसं कमीच आहेत."

"नाहीतर लॉजमधली गिऱ्हाइकं नखं वाढवून झोपतात."

"सगळी?"

"टोळी आहे, आई." मग त्यांनी भिंग मशिनवरच्या रामदासवर रोखलं. "किंवा हा ब्लीच जास्त ओततो."

"किलोला ठरलंय तेवढंच घालतो," रामदास म्हणाला. "वजन करूनच."

मुक्ताबाई मशिनजवळच्या वजनकाट्याला टेकल्या आणि पदर भिजला.

"काटा दारापाशी असायचा. इथे कोणी आणला?"

"मी," सलिलरावांची छाती फुगली. "आल्या दिवशीच. पहिल्या धुण्यातून काढलं की लगेच वजन. हेलपाटे वाचतात. शास्त्र आहे ते."

"मला वाटलं, बाई, तुम्हीच सांगितलंय," रामदास पुटपुटला.

मुक्ताबाईंनी ओल्या चादरींचा गठ्ठा जावयाच्या हातात दिला. ते गुडघ्यांत वाकले.

"जड आहे?"

"भलताच."

"कोरडा असता तर?"

सलिलरावांनी गठ्ठा हळूच खाली ठेवला. ब्लीचचं माप ठरलेलं कोरड्या कापडाच्या किलोवर. दहा किलो चादरी पाणी पिऊन वीस किलो भरत होत्या आणि ब्लीच पडत होतं दुप्पट.

मॅनेजर आला. चूक घरातलीच, फाटक्या चादरी भरून देते, असं मुक्ताबाईंनी त्याला सरळ सांगून टाकलं.

"कारण कळलं ना? मग काम इथेच," म्हणून तो गेला.

"बघा, आई," सलिलरावांनी भिंग खिशात टाकलं. "माझ्यावाचून गुन्हेगार सापडला असता का?"

मुक्ताबाईंनी पदर पिळला.

"सलिलराव, जावयाला हाकलायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून आत्तापासून तुम्ही इथले कामगार. आणि कामगार म्हणून मी तुम्हाला काढून टाकलंय."