धुतलेल्या बंदुकीचा भाव

बंदूक हातात घेतली की अर्विला तिच्या मालकाचं अख्खं घर सांगायची. बायको नांदते की माहेरी गेली, छप्पर गळतं का, माणूस रविवारी चर्चमध्ये डुलक्या काढतो का, सगळं. शाळा तिने आठवीत सोडली होती आणि त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. "पुस्तकं वाचणारे पन्नास मिळतील," ती म्हणायची, "नळी वाचणारी मी एकटी."

ओहायोच्या टेकड्यांतल्या त्या गावात दर ऑक्टोबरात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या बंदुकांचा बाजार भरायचा. जानेवारीत ठासणीच्या बंदुकीने हरणं मारायचा मोसम, म्हणून ठासणीच्या बंदुकांवर उड्या. या नव्या घडणीच्या बंदुका, पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे नळीच्या बुडाला आट्यांचं बूच. बार उडाला की त्याच दिवशी बूच काढून नळी गरम पाण्याने धुवावी लागते. आळस केला की बूच गंजून असं बसतं, की मालक मरेल पण ते निघणार नाही.

अर्विला तिथे केक विकायला बसायची, पण तिच्यापुढे केक कमी आणि बंदुका जास्त. तिचा शब्द पडल्याशिवाय कुणी पाकिटाला हात लावत नसे. आणि एकदा बोललेला भाव तिने तीस वर्षांत कधी फिरवला नव्हता.

त्या शनिवारी तिच्या नवऱ्याचा पुतण्या वेंडेल एक बंदूक घेऊन पुढ्यात उभा राहिला. पन्नाशीचा बाप्या, पण चेहरा परीक्षेत कॉपी करताना धरल्यासारखा.

"कुणाची रे?"

"ओळखीतल्या एकाची, काकू."

"ओळखीतला म्हणजे उधळ्या असणार. बघ हा दस्ता. काळा, कोराकरकरीत. बंदूक जुनी आणि लुगडं नवं."

तिने नळीत गज सोडला. टण्ण वाजलं, म्हणजे आत काही भरलेलं नव्हतं. पांढरी चिंधी आतून फिरवली, ती पांढरीच बाहेर आली. भोवती दहा-बारा माणसं जमली होती आणि त्यांना चिंध्या बघायच्या नव्हत्या, अर्विलाचं तोंड सुटलेलं ऐकायचं होतं. तिने नळीला नाक लावलं.

"लिंबाचा वास! भांड्यांचा साबण. अरे, बंदूक आहे की आमटीचं पातेलं? नळीच्या तोंडाची सगळी निळी झिलई घासून घालवलीय. आत आरसा आहे, मान्य. पण ही धुणारं माणूस रिकामटेकडं, नको तिथे घासणारं, आणि घरात दुसऱ्या कुणाला बोलू न देणारं." हॉल खदखदला. त्या हसण्याच्या भरात अर्विलाने तीस वर्षांत न केलेली चूक केली. बूच न बघताच बोलली, "एकशेचाळीस डॉलर. वर एक सेंट नाही."

"घेतली," पेट्रोलपंपावरची ट्रूडी म्हणाली आणि पैसे काढायला लागली.

अर्विलाने आता सवयीने बूच फिरवून काढलं. बुचाच्या कडेला पोवळ्या रंगाचा बारीक ठिपका होता. नखांना लावायच्या पॉलिशचा. आटे कुठपर्यंत आवळायचे ते कळावं म्हणून तिनेच तो लावला होता, स्वतःच्या न्हाणीघरात, बावीस वर्षांपूर्वी.

तिने मान वर केली. हॉलच्या टोकाला होबर्ट, तिचा नवरा, घेवड्याच्या सुपाची वाटी डाव्या हाताने धरून भिंतीवरची सूचना वाचत होता. सूचना मागच्या वर्षीची होती. उजवा हात खिशात.

मग तिला गेला जानेवारी आठवला. हरीण मिळो न मिळो, मोसमाच्या शेवटी नळी रिकामी करायला एक बार उडवावाच लागतो, आणि मग धुताना पाणी काळं येतं. त्या वेळी मात्र तिने नळी धुतली तेव्हा पाणी स्वच्छ आलं होतं. तिला वाटलं, नवा साबण गुणाचा. चौघींना तिने तो साबण घ्यायला लावला होता. होबर्टला बंदूक खांद्याला लावताच आली नव्हती, हे त्या पाण्याने तोंडावर सांगितलं होतं आणि नळी वाचणारीला वाचता आलं नव्हतं.

"ट्रूडी, घेऊ नकोस ही."

"का?"

"बूच नीट बसत नाही."

ट्रूडीने बूच हातात घेतलं आणि दोन बोटांनी जागेवर बसवलं. लोण्यात चमचा फिरावा तसं फिरलं.

"मग नळीला चीर असेल कुठेतरी."

"आत्ता तर आरसा म्हणालात, अर्विलाबाई. तुमचा शब्द फिरत नाही ना?"

सगळे अर्विलाकडे बघायला लागले. तिने केकचं ताट उगाच सरळ केलं.

"ही बंदूक मी धुते," ती म्हणाली. "आमच्या घरची आहे. मला कळली नाही."

हॉलमध्ये सुपाचा डाव पडल्याचा आवाज आला. मागून कुणीतरी चाचरत विचारलं, "म्हणजे ते रिकामटेकडं माणूस..."

"मीच. आणि ज्याला हसायचंय त्याने केक विकत घेऊन हसावं."

सतरा केक गेले. ट्रूडीला तिने तिसऱ्या टेबलावरची एक कळकट बंदूक दाखवली. दुर्बीण फुटकी, दस्त्यावर ओरखडे, पण नळी अशी की नवी लाजेल. ती अर्विलाने सकाळीच हेरून स्वतःच्या लेकासाठी टॉवेलाखाली झाकून ठेवली होती.

मग ती होबर्टपाशी गेली.

"खांदा कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं असेल."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू डॉक्टरकडे ओढत नेलं असतंस."

"नेलंच असतं."

"म्हणून तर." त्याने वाटी खाली ठेवली. "रिकामी बंदूक कपाटात रोज बघवेना गं. वेंडेलकडून दस्ता बदलून घेतला. पण तुझ्या शब्दाशिवाय इथे विकणार कशी?"

अर्विलाने बंदूक काखोटीला मारली. "विकायची नाही. तू बसून सांग, मी झाडते. बावीस वर्षं धुतेय, मला काय येत नाही?"

जानेवारीत दोघं पहाटे ओढ्याकाठी जाऊन बसली. अर्विलाने वाटेत होबर्टची टोपी, ओढा, बर्फ आणि सरकार, सगळ्यांच्या चुका काढल्या. उजाडता उजाडता चाळीस पावलांवर एक हरिणी आली. अर्विलाने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. धूर विरला, तर हरिणी तिथेच उभी. शाळेतल्या बाई बघायच्या तशी बघत होती.

"भर पुन्हा," होबर्ट कुजबुजला.

भरता भरता नवी गोळी तिच्या हातून बर्फात पडली. शोधेपर्यंत हरिणी सावकाश निघून गेली.

"सगळी हरणं तू अशीच घालवलीस की काय इतकी वर्षं?"

"नाही. अर्ध्यांवर तर मी झाडलीच नाही."

"मग इथे येऊन करायचास तरी काय?"

होबर्टने विचार केला. "इथे शांत असतं."

अर्विला गप्प बसली. पूर्ण अकरा मिनिटं. बर्फ भुरभुरत राहिला, ओढ्यापलीकडे एक खार झाडावर चढून उतरली. होबर्टने दोनदा घड्याळ बघितलं, मग चांगला हात पुढे करून तिची मान चाचपली.

"अर्विला," तो घाबरून म्हणाला, "बंदुकीचा धक्का डोक्याला तर नाही ना लागला?"