आबा हवालदारांची चारशे व्होल्टची गच्ची

आबा हवालदार भर उन्हात गच्चीवर पालथे पडून सोलर पॅनेलला वार्निश लावतात. काचेला नव्हे, फक्त कडांना. तेही चित्रकलेच्या बारीक ब्रशने. उंब्रजला हायवेकडेला माझं सोलर पंपांचं दुकान, आणि ही गच्ची बरोबर समोर. त्यामुळे मला हे रोज बघावं लागतं.

फौजेत त्यांनी जनरेटर दुरुस्त केले. निवृत्तीनंतर घराखालीच मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. बायको गेली, मुलगी वैशाली बंगळुरात नोकरीला. कुणी कसलंही गाऱ्हाणं आणलं, मोटारीचं असो की सुनेचं, आबा एकच विचारतात, "ठिणगी कुठं पडली ते सांग आधी."

माझा राग जुना आहे. शिरवळच्या कारखान्यात हमाली करून मी वर आलो. सौद्यात मला कुणी गंडवलेलं नाही. आबांनी गंडवलं. फुटक्या चौकटीची बारा पॅनेलं मी त्यांना भंगारात दिली. "मेल्याली हायत," असं मीच म्हणालो. चौथ्या दिवशी बाराही त्यांच्या गच्चीवर वीज देत होती! जाब विचारला तर म्हणाले, "मेल्याली तुमी म्हणाला, बापूशेठ. मी फकस्त नाडी बघितली."

तेव्हापासून माझी खात्री, फौजी माझ्यासमोर सोलरचं दुकान काढणार. मी पाळतच ठेवली. त्यांनी बारा पॅनेलं एकामागे एक जोडून चारशे व्होल्ट काढले, पंपाला जोडतो तशीच. मग जाड काचेच्या बरणीत पॅनेलचा तुकडा ठेवला आणि जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर लावून आतली हवा उपसली.

"आवं आबा, ह्यानं कुठला पंप चालणार?"

"पंप न्हाई. यान. आभाळातलं. तिथंबी हवा नसती."

"मग धूर कुठाय?"

"धूर न्हाई. विजेनं ग्यास मागं फेकायचा. धक्का केवढा? तळहातावर कागद ठिवल्यावर लागतो तेवढा. पर म्हैनोन्म्हैनं. पॅनेलचं चारशे व्होल्ट थेट इंजनाला दिलं की व्होल्ट वाढवायची मधली जड पेटी वाचती. पर त्या ग्यासनंच कडंला ठिणगी उडती, पॅनेल जळतं. म्हणून कडंला ह्यो लेप."

एक अक्षर पटलं नाही. चारशे व्होल्टवर माझी मोटार बोरचं पाणी ओढते, आणि हे म्हणे यान ढकलणार! गिऱ्हाईक तोडायचं असलं की माणूस असंच काहीबाही सांगतो.

परवा माण तालुक्यातला एक मेंढपाळ दुकानात येऊन म्हणाला, "समोरचं आबाबी पॅनेल लावून देत्यात व्हय?" माझं डोकं फिरलं. हातातला चहा तसाच ठेवून मी त्यांचा जिना चढलो.

वर कठड्यावर फोन मोठ्या आवाजात चालू होता. वैशाली बोलत होती.

"आबा, आमच्या यानाचं पॅनेल पास झालं! तीनदा जळालं होतं, आज एकबी ठिणगी न्हाई. आता तुमचं परयोग बंद करा. उन्हात नका बसू."

म्हणजे यान खरंच होतं. मी शेवटच्या पायरीवर थबकलो.

आबांनी ब्रश पुन्हा वार्निशात बुडवला. मग म्हणाले, "शाब्बास." ते फोनजवळ सरकले. "पर वैशे, यान सावलीत गेलं की गारठणार, उन्हात आलं की तापणार. कडंचा लेप तडकला तर?"

ती हसली. "तेबी तपासलंय कवाच."

"तरी मी बघतो. बर्फात घालतो, उन्हात ठिवतो. उद्या ह्याच टायमाला फोन कर. रिपोर्ट देतो."

"बरं, करते."

जन्मभर गिऱ्हाइकांशी बोललोय मी. सौदा मिटल्यावरही समोरच्यानं उठू नये म्हणून माणूस काय काय काढतो, ते मला सांगायला नको.

आबांनी वळून पाहिलं. "काय काम काढलं, बापूशेठ?"

भांडण पार ओठांवर आलं होतं. "काय न्हाई," मी म्हणालो. "बर्फ लागणार ना तुमाला? दुकानात फ्रीज हाय माझ्या."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. बाजूचं पोतं झटकून माझ्याकडे सरकवलं.

"बसा की जरा," ते म्हणाले. "गडबडीत न्हाई न्हवं?"

दुकानात मेंढपाळ खोळंबला होता. मी बसलो.