इन्स्पेक्टर आणि इतिहास मंडळाची सभा

रविवारी दुपारी सव्वादोनला विनी ट्रेलोरनं चोवीस उकडलेली अंडी सोलून बशीत मांडली, किटली भरायला पाठ फिरवली आणि पुन्हा वळून पाहिलं, तर बशीत सतरा अंडी होती.

विनी गेली बावीस वर्षं ब्लूगम रिज इतिहास मंडळाची चिटणीस होती. मोजण्यात तिची चूक होत नसे. तिनं वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथे इन्स्पेक्टर बसला होता आणि सातवं अंडं त्याच्या गळ्यातून सावकाश खाली सरकत होतं.

इन्स्पेक्टर म्हणजे घोरपड. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाच फूट, अंगावर काळे-पिवळे पट्टे. विनीच्या परसाचं कुंपण संपलं की रान सुरू व्हायचं. खाली ओढा, वर निलगिरीची उंच झाडं. रोज अकराच्या सुमारास हे जनावर कुंपणाखालून यायचं, कोंबड्यांच्या खुराड्याला एक फेरी मारायचं, कचऱ्याचा डबा हुंगायचं आणि सगळं आक्षेपार्ह आढळल्यासारखं तोंड करून परत जायचं. विनीच्या नवऱ्यानं, लेननं, शेवटच्या आजारपणात खिडकीतून बघत त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं. घरात मात्र त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"नोएलीन! जाळीचं दार कुणी उघडं टाकलं?"

समोरच्या घरातली नोएलीन दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या मारून आत आली. "मीच टाकलं. दोन्ही हात अडकलेत माझे, दार काय नाकानं लावू?" मग तिचं लक्ष टेबलाखाली गेलं. तिनं खुर्च्या अगदी हळू जमिनीवर टेकवल्या. "अगं बाई! आणि आजच?"

आजच. आज मंडळाची वार्षिक सभा विनीच्या घरी होती आणि अध्यक्ष मॉरिस एंडरबी एक ठराव मांडणार होते. विनीच्या मागच्या खोलीत उपनगराचा सगळा इतिहास बेचाळीस खोक्यांत भरून ठेवलेला होता. जुने फोटो, शाळेचे हजेरीपट, फळबागांचे नकाशे, कुणाकुणाच्या आज्यांची पत्रं. ती खोकी उचलून चार स्टेशनं पलीकडच्या सरकारी तळघरात हलवावीत, असा तो ठराव. कारण काय, तर विनीचं घर रानाच्या तोंडाशी आहे, तिथे वाळवी, वणवा आणि जनावरं यांचं भय आहे.

तळघर आठवड्यातून एकदा, गुरुवारी दोन तास उघडं असे. विनीचं दार कधीही वाजवावं. लोक वाजवायचे. आजोबांचा फोटो शोधायला आलेला माणूस चहा पिऊन, रडून, हसून, दोन तासांनी उठायचा. लेन गेल्यावर त्या खोलीनंच तिला माणसांत ठेवलं होतं.

"मॉरिसनं हे ध्यान पाहिलं, तर ठराव मांडायचीसुद्धा गरज नाही," विनी म्हणाली.

"झाडूनं हाकलू?"

"वेडी आहेस का? घाबरलं की ते झाडावर चढतं. इथे झाड कुठाय?"

शेवटी विनीनं एकेक अंडं टाकत इन्स्पेक्टरला पडवीतून बाथरूमपर्यंत नेलं आणि दार ओढून घेतलं. सँडविचसाठी अकरा अंडी उरली. तिनं ती भरपूर लोण्यात कुस्करली आणि मन घट्ट केलं.

तीन वाजता माणसं आली. छत्तीस जण, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. ज्या घरातलं एकुलतं बाथरूम बंद आहे, त्या घरात छत्तीस म्हातारी माणसं चहाला बोलावू नयेत, हे विनीला पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

"नळ बिघडलाय," नोएलीन दारात पहारा देत म्हणाली. "माझ्या घरी जा. रस्ता ओलांडून समोरच. कुत्रा भुंकतो, पण चावत नाही. चावला तरी दात नाहीत त्याला."

रस्त्यावरून म्हाताऱ्यांची ये-जा सुरू झाली. ती मॉरिसच्या नजरेला पडली. मॉरिस सहा फूट दोन इंच उंच, ऑक्टोबरच्या उन्हातही अंगात तपकिरी लोकरी कोट.

"विनिफ्रेड, नळ बिघडलाय म्हणे? मला कसं सांगितलं नाहीत?"

"किरकोळ आहे हो, मॉरिस. उद्या माणूस येतोय."

"माणूस कशाला हवा? तीस वर्षं मी नळांचाच धंदा केला!"

विनी आडवी येईपर्यंत मॉरिस आत शिरलेसुद्धा. ती डोळे मिटून किंकाळीची वाट पाहत उभी राहिली. किंकाळी आली नाही. दोन मिनिटांनी मॉरिस हात पुसत बाहेर आले.

"नळ ठणठणीत आहे तुमचा. टबाच्या पडद्यामागे काहीतरी घासल्यासारखं वाजतंय, तेवढं बघून घ्या. घरं रानाला लागून असली की असंच व्हायचं." आणि दार सताड उघडं टाकून ते भाषणाला निघाले.

विनीनं त्यांना बैठकीच्या खोलीत पोचवलं आणि परत येऊन पडदा सरकवला. टब रिकामा होता.

शोधायला वेळच मिळाला नाही. बैठकीच्या खोलीतले पडदे ओढले गेले, अंधार झाला आणि स्लाइडचं यंत्र घरघरू लागलं. भाषणाचं नाव होतं 'रानातून नंदनवनाकडे'. दरवर्षीचंच. पहिल्या चित्रात मॉरिसचे आजोबा एका पाडलेल्या झाडावर पाय ठेवून उभे होते.

"माझे आजोबा इथे आले, तेव्हा इथे काय होतं?" मॉरिसनी विचारलं. "काही नव्हतं! माणूस नाही, काणूस नाही. नुसतं रान आणि सरपटणारे प्राणी."

अंधारात गालिच्यावरून काहीतरी खरखरत गेलं.

"माझी पर्स चालायला लागली," पुढच्या रांगेतल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या.

कुणीतरी पडदा ओढला. ऊन भसकन आत आलं. छत्तीस जणांच्या मधोमध इन्स्पेक्टर उभा होता, जीभ आत-बाहेर करत. छत्तीस जण एकदम ओरडले. खुर्च्या कोलमडल्या. बिचाऱ्याचा जीव उडाला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि खोलीत सगळ्यांत उंच, तपकिरी आणि खरबरीत जे काही होतं त्यावर सरसर चढला.

"हलू नका!" विनी गरजली. तिचा एवढा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "मॉरिस, झाड व्हा!"

मॉरिसनी दोन्ही हात वर केले आणि ते झाड झाले. इन्स्पेक्टरनं लोकरीत नख्या रोवल्या, हनुवटी त्यांच्या टकलावर टेकवली आणि तो स्थिरावला.

नोएलीननं फोन लावला. वन्यप्राणी सोडवणारी बाई पस्तीस मिनिटांच्या अंतरावर होती. "ओढायचं नाही म्हणते," नोएलीननं निरोप दिला. "आपणहून उतरेल. पण कुणी दचकवायचं नाही, उठायचं नाही. आणि कुणीतरी एका सुरात बोलत राहा म्हणते. म्हणजे त्याला बरं वाटतं."

"बोला हो, अध्यक्ष," मागून कुणीतरी म्हणालं.

मॉरिसच्या तोंडातून नुसती हवा बाहेर आली.

सगळ्यांनी विनीकडे पाहिलं. बावीस वर्षांत ती सभेत 'मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं' याच्यापलीकडे एक शब्द बोलली नव्हती. तिनं एप्रनला हात पुसले.

"मॉरिसच्या आजोबांच्या आधी इथे काही नव्हतं, असं नाही," ती हळू, एका सुरात म्हणाली. "माझ्या कुंपणाखाली ओढ्यात एक सपाट खडक आहे. त्यावर कुऱ्हाडी घासल्याच्या खाचा आहेत. दगडी कुऱ्हाडी. हजारो वर्षं माणसं तिथे पाण्यात पाय सोडून बसत होती, धार लावत, गप्पा मारत. त्यांना हे रान नव्हतं. घर होतं."

इन्स्पेक्टरनं एक डोळा मिटला.

मग तिनं संत्र्यांच्या बागांचं सांगितलं. झाडांना कीड लागली, तेव्हा मागच्या खोलीतल्या एका पत्रात एका बाईनं बहिणीला लिहिलं होतं की, नवरा बागेत जाऊन झाडांशी भांडतो आणि मी कोंबड्या विकून पोरांना बूट घेते. वणव्याच्या वर्षी सगळी आळी ओढ्यात ओल्या घोंगड्या पांघरून बसली आणि त्यातच एक मूल जन्मलं, ते सांगितलं.

"ते मूल म्हणजे मी!" कोपऱ्यातून एक म्हातारबुवा म्हणाले. "हे पत्रात आहे?"

"सतराव्या खोक्यात. तुमच्या आईच्या अक्षरात."

म्हातारबुवांनी रुमाल काढला. मग एकेकाला कंठ फुटला. माझी आजी आहे का? आमच्या दुकानाचा फोटो? विनीला खोक्यांचे आकडे तोंडपाठ होते. ती सांगत गेली आणि हळूहळू लोक विसरले की अध्यक्षांच्या डोक्यावर घोरपड आहे. खुद्द घोरपडही विसरली असावी.

नोएलीन मात्र विसरली नव्हती. "माझा एक ठराव आहे," ती तशाच एका सुरात म्हणाली. "सगळी खोकी कायमची इथेच, विनीच्या घरी राहावीत. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा. सावकाश करा."

पस्तीस हात पाण्यातल्या वेलींसारखे हळूहळू वर गेले. नोएलीननं ते मोजले, मग पुढे पाहिलं.

"आणि अध्यक्षांचे दोन," ती म्हणाली.

"दोन नाही धरता येणार," विनी म्हणाली. नियमाला ती पक्की होती. "माणसामागे एकच मत."

मॉरिसचे ओठ हलले. इन्स्पेक्टरची जीभ त्यांच्या कानात डोकावून आली. ओठ थांबले.

सोडवणारी बाई पोचायच्या आतच इन्स्पेक्टर कोटावरून उलटा उतरला, उरलेल्या सँडविचांची बशी जाता जाता चाटून पुसून साफ केली आणि जाळीच्या दारातून उन्हात निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नक्की कुणासाठी होत्या हे कुणी विचारलं नाही, पण सगळे बघत होते विनीकडे.

मॉरिसनी हात खाली घेतले. कोटाच्या चिंध्या झाल्या होत्या, अंगावर ओरखडा मात्र नव्हता.

"विनिफ्रेड," ते घसा खाकरत म्हणाले, "ते मत धरू नका. माझे हात मी मुळीच—"

विनीनं वहीतून मान वर केली. चाळीस वर्षांत ती इतकी सुंदर दिसली नव्हती, असं नोएलीन पुढे सगळ्यांना सांगत असे.

"उशीर झाला हो, मॉरिस," ती म्हणाली. "'एकमताने' असं लिहून झालंय. आणि मी इतिवृत्त शाईनं लिहिते."